शिळाछापात करड्या छटा भरून का येतात आणि अ‍ॅसिड वाढवलं की उडून का जातात

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिथोच्या, म्हणजे शिळाछापाच्या, करड्या दगडावर चरबीच्या क्रेयॉनने व्यक्तिचित्र काढलं. ३० मिलि डिंकात नायट्रिक अ‍ॅसिडचे १० थेंब घालून ते सगळ्या चित्रावर सारखं लावलं. पहिल्या सहा-सात प्रती उत्तम निघाल्या, मग गालावरच्या करड्या छटा एकेक करत काळ्या होत गेल्या. दुसऱ्या दगडावर २५ थेंब घातले, तर गालच नाहीसा झाला. तेव्हा अ‍ॅसिडचं नेमकं प्रमाण किती?

सगळ्या चित्राला एकच प्रमाण लावलंत, तिथेच गोची झाली आहे. दुसरं म्हणजे पहिल्या दगडाचा दोष अ‍ॅसिडचा असेलच असंही नाही. शाई, पाणी किंवा रोलर फिरवण्याची पद्धत चुकली तरी चित्र अगदी असंच भरून येतं. तो दगड घासून टाकला नसेल तर घासू नका, बहुधा वाचेल.

लाकडी ठशात उठावावरची शाई कागदावर येते, तांब्याच्या पत्र्यावरच्या एचिंगमध्ये खोल रेघेतली. शिळाछापात उठावही नसतो आणि खोलीही नसते. आलोइस झेनेफेल्डर या म्युनिकच्या नाटककाराने १७९८ च्या सुमारास हे तंत्र बसवलं, ते बव्हेरियातल्या झोल्नहोफेन इथल्या चुनखडीच्या दगडावर. हा दगड म्हणजे अतिशय बारीक, एकजीव कणांचं कॅल्शियम कार्बोनेट. त्याला चरबीही धरता येते आणि पाणीही. क्रेयॉनमधल्या साबणाची आणि चरबीची मेदाम्लं दगडातल्या कॅल्शियमशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारा साबण तयार करतात. चित्र म्हणजे खरं तर हा साबण. उरलेल्या जागेवर डिंकाचा अतिपातळ थर दगडाच्या छिद्रांना चिकटून बसतो आणि पाणी धरून ठेवतो. ओल्या दगडावरून तेलकट शाईचा रोलर फिरवला की साबण शाई घेतो आणि ओला डिंक ती नाकारतो.

मग अ‍ॅसिड कशासाठी? ते दगड कोरण्यासाठी नसतंच. थोडं अ‍ॅसिड मिसळलं की दगडाचा पृष्ठभाग स्वच्छ होऊन उघडतो, डिंकातलं अरेबिक आम्ल मोकळं होतं आणि डिंक दगडाला घट्ट धरतो. काम डिंकाचं, अ‍ॅसिड त्याचं मदतनीस. ते कमी पडलं की डिंकाची पकड कच्ची राहते आणि चरबी हळूहळू कडेने पसरते. तुमचा पहिला दगड तसा असू शकतो. जास्त झालं की क्रेयॉनच्या बारीक ठिपक्यांखालचा दगडच विरघळतो आणि ठिपका साबणासकट जातो. दुसऱ्या दगडावर हेच झालं.

आता दगडाची तयारी, कारण निम्मी छटा तिथेच ठरते. करडा दगड जास्त कठीण आणि घट्ट, बारीक छटांसाठी उत्तम. पिवळट दगड मऊ. त्यावर अ‍ॅसिड लवकर चढतं. साधारण १५ बाय २० इंचांच्या दगडाला निदान ५ सेंमी जाडी हवी, मोठ्या दगडाला ७ ते १०. घासण्यासाठी कार्बोरंडमची पूड आणि पाणी, वर लेव्हिगेटर (हाताने फिरवायची जड लोखंडी चकती) किंवा दुसरा लहान दगड. आधी ८० किंवा १०० नंबर, मग १८०, शेवटी २२०, प्रत्येकाचे निदान तीन हात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायचं. पूड नवी असते तेव्हा खरखर ऐकू येते. चिखल दाट, पांढुरका झाला आणि आवाज बसला की पूड संपली समजा. तेव्हा धुऊन नवी घाला. तसंच रेटत राहिलात तर दगड चकचकीत होतो, त्यावर क्रेयॉन घसरतो. नंबर बदलताना दगड, कडा, टेबल, हात सगळं धुवा. ८० नंबरचा एक कण २२० मध्ये आला की चित्रभर ओरखडा उठतो. सपाटी तपासायला दगडावर पोलादी पट्टी उभी धरून तिच्याखाली पातळ कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि ओढून पाहा. मधली पट्टी सहज सुटली आणि कडेच्या अडकल्या, तर दगड मध्ये खोलगट झाला आहे. तो भाग छापात नेहमी फिकट येणार आणि दोष अ‍ॅसिडला लागणार. कडा कानशीने गोल करून घ्या, नाहीतर रोलर तिथे शाई सोडतो.

घासलेला दगड बोटाने शिवायचा नाही. बोटाचा घाम, केसातला कोंडा, बोलताना उडालेला थुंकीचा थेंब, सगळं छापात उतरतं. चित्र काढताना हाताखाली स्वच्छ कागद हवा.

क्रेयॉनबद्दल एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. कॉर्न या अमेरिकन कंपनीच्या क्रेयॉनमध्ये १ नंबर मऊ आणि ५ नंबर कडक. मऊ म्हणजे चरबी जास्त, कडक म्हणजे कमी. गालावरची तीच छटा १ नंबरने अलगद हात फिरवून काढता येते आणि ५ नंबरने दाबूनही काढता येते. दगडावर दोन्ही सारख्याच करड्या दिसतात. पण तो करडा रंग काजळीचा आहे आणि छापणार आहे चरबी. १ नंबरवाला गाल काळा छापला जाण्याकडे झुकतो, ५ नंबरवाला उडून जाण्याकडे. म्हणून कुठल्या भागात कोणता नंबर वापरला ते कागदावर लिहून ठेवा; अ‍ॅसिड ठरवताना तोच कागद समोर हवा. फिकट छटा कडक क्रेयॉनने, टोक सारखं करत, हलक्या हाताने थरावर थर देऊन काढा. दगडाच्या प्रत्येक कणाच्या माथ्यावर ठिपका बसतो, खाचा पांढऱ्या राहतात, आणि छटा श्वास घेते.

डिंकाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. डिंक अरबी जातीचा, स्वच्छ खड्यांचा घ्या. बाजारात ‘डिंक’ म्हणून धावड्याचा आणि कांडोळाचाही मिळतो. तो इथे चालत नाही. कांडोळाचा तर पाण्यात फुगून बसतो, विरघळत नाही. १०० ग्रॅम डिंकाला २५० ते ३०० मिलि पाणी, एक दिवस भिजत ठेवायचं, दोनदा मलमलीतून गाळायचं. दाटपणा मोजायचा बॉमे हायड्रोमीटर असेल तर १४ अंश हवेत. उन्हाळ्यात हा डिंक दोन-तीन दिवसांत आंबतो. आंबलेला डिंक स्वतःच आम्लधर्मी होतो, मग तुम्ही मोजलेल्या थेंबांना काही अर्थ उरत नाही. लागेल तेवढाच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

चित्र पूर्ण झालं की आधी राळेची बारीक पूड कापसाने हलकेच लावून जास्तीची झटकायची, मग शंखजिरे (टाल्कची पूड). राळ क्रेयॉनला चिकटून त्याला अ‍ॅसिडपासून वाचवते. शंखजिऱ्यामुळे डिंक चरबीवरून गोळा होऊन पळत नाही, ठिपक्याच्या कडेपर्यंत नीट पोचतो. शंखजिरे विसरलं की ठिपक्यांभोवती डिंक न लागलेली कोरी वर्तुळं राहतात, आणि छापायला लागल्यावर तीच काळी होतात.

आता प्रमाण. पुढचे आकडे करड्या दगडासाठी, ३० मिलि डिंकात तीव्र नायट्रिकचे थेंब असे आहेत. अगदी फिकट छटांना नुसता डिंक किंवा फार तर ४ थेंब. मधल्या छटांना ६ ते १०. क्रेयॉनच्या गडद भागांना १२ ते १५. ब्रशने शाई भरून काढलेल्या सपाट काळ्याला १८ ते २०. दगड पिवळट असेल तर प्रत्येक ठिकाणी दोन ते चार थेंब कमी करा. मे महिन्याच्या उन्हाळ्यातही कमी करा, कारण उष्णतेने क्रिया वेगाने होते. ड्रॉपर कायम एकच वापरा. दोन ड्रॉपरचे थेंब सारखे नसतात. अ‍ॅसिड डिंकात घालायचं, हळूहळू, ढवळत, हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवून.

आकड्यांपेक्षा खरा साक्षीदार दगड आहे. चित्राबाहेरच्या काठावर त्या मिश्रणाचा एक थेंब टाकून पाहा. क्षणभर काहीच होत नाही, मग बारीक बुडबुडे वर येतात: हे मध्यम. पडताक्षणी पांढरा फेस उसळला तर ते गडद काळ्यासाठीच, तेही थोडाच वेळ. बुडबुडा दिसलाच नाही तर सौम्य, गालासाठी.

लावण्याची रीत अशी. आधी सगळ्या दगडावर नुसता डिंक पसरवा, म्हणजे कोणत्याही भागाला तीव्र मिश्रण एकदम भिडत नाही. मग लहान मऊ ब्रशने गडद भागांवर तीव्र मिश्रण ठेवा, ब्रश सतत हलता राहू द्या. मिनिटभराने शेजारचा डिंक त्यात ओढून तीव्रता मारायची. त्यानंतर मधल्या छटा त्यांच्या मिश्रणाने. फिकट गालावर नुसता डिंकच फिरत राहील. एकूण तीन ते पाच मिनिटं. शेवटी जास्तीचा डिंक टिपून घ्या आणि कोरड्या मलमलीने चोळून थर इतका पातळ करा की हात फिरवला तर चिकट लागू नये. जाड डिंक तडकतो, आणि तडा ठिपक्यावरून गेला की ठिपका घेऊन जातो. असा दगड रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी नवशिक्याचा जीव घाबरतो, कारण चित्र पुसायचं असतं. डिंकाचा कोरडा थर तसाच ठेवून टर्पेंटाइनने क्रेयॉन पुसायचा. काजळी निघून जाते आणि दगडावर फिकट पिवळसर सावली राहते. ती साबणाची. तिच्यावर अस्फाल्टमचा (डांबरासारख्या तेलकट द्रवाचा) अगदी पातळ हात द्या, कापडाने वाळेपर्यंत चोळा, मग पाण्याने सगळं धुवा. डिंक विरघळतो, त्याच्यावरचं अस्फाल्टम त्याच्याबरोबर जातं आणि फक्त चित्रावरचं तपकिरी उरतं. लगेच ओला स्पंज, लगेच रोलर. या क्षणी दगड वाळू देणं म्हणजे सगळं घालवणं.

रोलर चामड्याचा, शाई कडक. पाण्याचा थर इतका पातळ हवा की तिरप्या उजेडात दगड ओलसर चमकतो, पण थेंब कुठेच दिसत नाही. दगड वाळत आला की चमक कडेपासून मावळायला लागते. पूर्ण मावळण्याआधी पुन्हा स्पंज. रोलरवर पाण्याचे मणी दिसले तर पाणी जास्त झालं. शाईच्या पाटीवर आवाज ऐका: शाई बरोबर असेल तर बारीक, सलग सरसर ऐकू येते, जास्त झाली की चटचट फाटल्यासारखी.

छटा भरून येण्यातला मोठा वाटा रोलरच्या वेगाचा असतो. रोलर हळू आणि दाबून फिरवला की तो शाई देतो, भरभर आणि हलका फिरवला की जास्तीची शाई उचलतो. सहा-सात प्रती काढून हात दमतो, वेग मंदावतो, दाब वाढतो, आणि नेमक्या तेव्हाच गाल भरायला लागतो. वरून पंखा चालू असेल तर दोन फेऱ्यांत पाणी उडतं. विदर्भात उन्हाळ्यात तर एका फेरीत. छापताना पंखा बंदच हवा. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात अडचण वेगळी, तिथे शाईच मऊ पडते. शाईत थोडं मॅग्नेशियम कार्बोनेट सुरीने मळून तिचा ताण परत आणा. तेल किंवा टर्पेंटाइन घालून शाई सैल करण्याचा मोह टाळा. कडक शाई लावायला जास्त फेऱ्या लागतात, पण ती ठिपक्याच्या हद्दीत राहते.

तर तुमच्या पहिल्या दगडाचं निदान असं करा. दगडावर शाई असतानाच शंखजिरे लावा, पातळ डिंक लावून कोरडा चोळा, टर्पेंटाइनने चित्र पुसा, अस्फाल्टम, पाणी, आणि पाटीवर नवी कडक शाई घेऊन भरभर रोलर. गाल पहिल्या प्रतीसारखा मोकळा परत आला, तर दगडाला काही झालेलं नाही. दोष शाईचा, पाण्याचा किंवा हाताचा होता. ते दुरुस्त करून छपाई पुढे चालू ठेवा. गाल पहिल्याच फेरीत भरलेला आला, तर चरबी खरोखर पसरली आहे, म्हणजे अ‍ॅसिड कमी पडलं. अशा वेळी नवीन शाई न घेता तीन-चार प्रती वर्तमानपत्राच्या कागदावर ओढून जास्तीची शाई काढा, दगड थोडा जास्त ओला ठेवून झटपट रोलरने छटा जमेल तितक्या उघडा. मग राळ, शंखजिरे, आणि दुसऱ्यांदा डिंक-अ‍ॅसिड: या वेळी गालालाही ६ ते ८ थेंबांचं मिश्रण मिनिटभर, मग रात्रभर विश्रांती. खरं तर डिंक-अ‍ॅसिडची ही दुसरी फेरी प्रत्येक दगडाला द्यावी, चित्र बिघडण्याची वाट न पाहता, पहिल्यांदा शाई चढल्याबरोबर. पहिल्या फेरीत चरबी क्रेयॉनच्या कच्च्या रूपात असते. दुसऱ्या फेरीत तिच्यावर छपाईची शाई आणि राळ असं कवच असतं, म्हणून दगड थोडं तीव्र मिश्रण सोसतो. तुमच्या वर्णनात ही फेरी कुठे दिसत नाही, आणि माझा पहिला संशय तिच्यावरच आहे.

दुसऱ्या दगडाकडे भिंग घेऊन बघा. गालावर ठिपके आहेत पण शाई घेत नाहीत असं दिसलं, तर त्यांच्यावर डिंकाचा पापुद्रा राहिला आहे. चोळताना कमी चोळलं गेलं. कोमट पाण्याने धुऊन, पुन्हा पुसून, अस्फाल्टम लावून दहा-बारा हलक्या फेऱ्या दिल्या की बरेच ठिपके परततात. ठिपकेच नसतील तर ते जळाले, परत येणार नाहीत. पण दगड वाया गेला असं नाही. चित्रावर शाई चढवून शंखजिरे लावा, डिंक पाण्याने पूर्ण धुवा, मग पांढऱ्या व्हिनेगरइतकं सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड गालावर दोन-तीन मिनिटं ठेवून धुवा, पुन्हा एकदा तेच, आणि भरपूर पाणी. अ‍ॅसेटिक न मिळाल्यास तुरटीचं दाट पाणी, त्यात नायट्रिकचे दोन-चार थेंब. याने डिंकाची पकड सुटते आणि दगड त्या जागी पुन्हा चरबी घ्यायला तयार होतो. आता मात्र पंख्याखाली पूर्ण वाळवा, ५ नंबरने गाल पुन्हा काढा आणि त्याला नुसता डिंक ते ४ थेंब एवढंच द्या.

प्रेसबद्दल फार सांगायला नको. एचिंगचा दोन रुळांचा प्रेस वापरू नका, दगड फुटतो. लिथो प्रेसमध्ये दगड सरकतो आणि वर चामडं लावलेली लाकडी पट्टी, कागदावर ठेवलेल्या आणि चरबी फासलेल्या जाड आवरणाच्या पाठीवरून घासत जाते. पट्टी चित्रापेक्षा रुंद आणि दगडापेक्षा अरुंद हवी. दगडाखाली खडा राहिला तर तिथूनच तडा जातो. प्रत फिकट आली म्हणून दाब वाढवण्याआधी शाई कमी पडली का ते बघा.

तंत्र बसलं की हात एकदा कागदावरून दगडावर चित्र उतरवण्यावरही बसवा, कारण मराठी शिळाछापाचा मोठा भाग तसाच झाला आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत छापलेलं मराठी पंचांग शिळाछापाचं होतं, आणि पुढे पोथ्याही अशाच छापल्या गेल्या. दगडावर थेट लिहायचं तर उलटं लिहावं लागतं. खळ किंवा डिंक लावलेल्या कागदावर चरबीच्या शाईने सुलट लिहून तो ओलसर कागद दगडावर पालथा घालतात, दाब वाढवत प्रेसमधून चार-पाच वेळा काढतात आणि पाणी मारून सोलतात. खळ सुटते, अक्षर दगडावर राहतं, आपोआप उलटं. लेखनिकाचं वळण जसंच्या तसं छापता येत होतं ते यामुळे. असं उतरवलेलं अक्षर दगडावर थेट काढलेल्या चित्रापेक्षा चरबीने हलकं असतं, त्यामुळे अ‍ॅसिडच्या पहिल्या फेरीला ४-५ थेंबांच्या पुढे जाऊ नका.

रंगीत कामात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि वरचं सगळं तितक्या वेळा करावं लागतं. बाह्यरेषेचा एक मूळ दगड करून त्याच्या ओल्या प्रतीवर गेरूसारखी तांबडी पूड शिंपडतात आणि ती प्रत बाकीच्या दगडांवर दाबतात. पुडीत चरबी नसल्याने ही खूण छापत नाही, पण प्रत्येक रंग कुठपर्यंत ते दाखवते. जुळणीसाठी दगडावर दोन बाजूंना खुणा, कागदाला त्याच जागी सुईची भोकं. साधारणपणे पिवळा आधी, मग लाल, निळा, शेवटी गडद रेषा. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये घाटकोपरला काढलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या छापखान्यातली जुनी चित्रं कुणाच्या घरी असतील तर देवीच्या गालावर भिंग धरा. ठिपके हाताने दिलेले, लहानमोठे, वळणावर दाट आणि उजेडाकडे विरळ दिसतील. नंतरच्या ऑफसेटच्या प्रतीत ते सरळ रांगेत, जाळीसारखे असतात. फिकट गालावर त्या कारागिरांनी काळ्याचा ठिपका जवळजवळ ठेवलाच नाही. तिथली छाया गुलाबी आणि फिकट निळ्याच्या दगडांवर आहे. तुमचं चित्र एकाच काळ्या दगडाचं असलं, तरी सगळ्यात फिकट करडी छटा दुसऱ्या दगडावर पातळ करड्या शाईने छापणं हाही एक मार्ग आहे. मग काळ्या दगडाला हवं तितकं तीव्र अ‍ॅसिड देता येतं आणि गालाची काळजी उरत नाही.

काम थांबवताना दगड कधी उघडा सोडू नका: शाई चढवलेली, वर शंखजिरे, वर पातळ चोळलेला डिंक, आणि कागद झाकून. शाईची आणि जवसाच्या तेलाची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, ती आपोआप पेट घेऊ शकतात.